काकू बसल्या का?

आमच्या दुकानावर पाटी होती, पण ती कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. मोटारसायकल दुरुस्त होऊन बाहेर उभी राहिली की गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारायचं, "काकू बसल्या का?" मी "बसल्या" म्हणालो की किल्ली उचलायची आणि चालू पडायचं. कोणी ब्रेक दाबून बघत नसे, चाक हलवून बघत नसे. त्या एका शब्दावर माणसं आपल्या बायकापोरांना मागे घेऊन हमरस्त्याला लागत. तो शब्द मी एकदा खोटा बोललो.

काकू म्हणजे माझी बायको. दुकान काढलं त्या वर्षी मी एका पाववाल्याच्या गाडीला ब्रेक बसवून दिल्यावर त्याने मला चेष्टेत विचारलं होतं, तुमच्या बायकोला बसवाल का हिच्यावर? मी तेव्हा तरुण होतो आणि डोकं पटकन तापायचं. मी आत हाक मारली. ही ओले हात पुसत बाहेर आली, काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही, सरळ मागे बसली. आम्ही चौकापर्यंत गेलो, पुढच्या उतारावर मी करकचून ब्रेक दाबला, आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पाववाल्याने भावाची गाडी आणली आणि तीही हिला बसवून आणल्यावरच नेली. तिथून तो दुकानाचा नियम झाला. एकतीस वर्षं एकही गाडी हिच्या फेरीशिवाय बाहेर पडली नाही. पलीकडच्या गल्लीत एकाने मोठं गॅरेज काढलं, काचा काय, दिवे काय. तो भेटला की म्हणायचा, "मिस्त्री, तुमचं नशीब. माझी बायको मी धुतलेल्या गाडीवरसुद्धा बसत नाही."

फेरीसाठी हिचे कापडी बूट होते. दोन्हीकडे पाय टाकून बसायची आणि मला कधी धरायची नाही. हात आपल्या गुडघ्यांवर. सुरुवातीला मी म्हणायचो, अगं धर, पडशील. तर म्हणायची, तुम्हाला धरलं की तुमचंच अंग कळतं, गाडीचं कळत नाही. खरंच तिला गाडी कळायची. परत आल्यावर उतरता उतरता सांगायची, डावीकडे काहीतरी बोलतंय, किंवा मागचं चाक रडतंय. मी उघडून बघायचो आणि दहातल्या नऊ वेळा तिथेच काहीतरी निघायचं. दहाव्या वेळी मी हसायचो. तेवढंच हसू माझ्या वाट्याला यायचं.

नर्सबाई आमच्याकडे नऊ वर्षं येत होत्या. आरोग्य केंद्राची गाडी घेऊन त्या लांबलांबच्या वस्त्यांवर जायच्या, बाळंतिणी बघायच्या, अंथरुणावर पडलेली म्हातारी माणसं बघायच्या. केंद्राचा मिस्त्री वेगळा होता. बाईंनी साहेबांशी भांडून गाडी आमच्याकडे आणली होती. एकट्या बाईमाणसाने आडरस्त्याला बंद पडून चालत नाही, असं त्या म्हणायच्या. गाडीचं काम चालू असेपर्यंत त्या आत हिच्याजवळ बसायच्या. आम्हाला मूलबाळ नाही. मी त्यांना बाई म्हणायचो, अहोजाहो करायचो, आणि ही मात्र पहिल्या वर्षीच 'गं' वर आली होती. त्या निघाल्या की ही दारात येऊन विचारायची, "नीट चालते ना गं गाडी?" आणि त्या म्हणायच्या, "तुम्ही बसून आल्यावर तिची काय बिशाद, काकू."

आता माझ्या हातांबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी फेरीवरून परत आल्यावर ही एका गिऱ्हाइकासमोर म्हणाली, हँडलचा नट ढिला आहे. मी बघितलं. ढिला होता. तो मी विसरलो होतो. गिऱ्हाईक हसून म्हणालं, असू दे मिस्त्री, म्हणून तर काकू आहेत. मी पाना भिंतीवर फेकला. गिऱ्हाईक गेल्यावर शटर ओढलं आणि चार दिवस उघडलं नाही. जेवलोही जेमतेम. अंथरुणावर पडून छताकडे बघायचो आणि बोटं मिटून उघडून बघायचो. टोकं बधिर झाली होती, ते मला ठाऊक होतं. थंडीने होतं असं मी धरून चाललो होतो. पाचव्या दिवशी ही उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, मला भास झाला असेल, नट घट्टच होता. नट मी स्वतः डोळ्यांनी बघितला होता. तरी मी तेवढ्यावर उठलो, तोंड धुतलं आणि दुकान उघडलं. ती खोटं बोलतेय हे समजून घ्यायची मला गरज वाटली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी हिला फेरीवर गरगरायला लागलं. आम्ही चौकापर्यंतही पोचायचो नाही, की ही माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, अहो, डोकं फिरतंय, वळवा गाडी. मी वळवायचो. दुकानात आणून तिला स्टुलावर बसवायचो आणि पाणी आणायला आत धावायचो. पाणी पिऊन झालं की दोन मिनिटांत ती उठायची आणि म्हणायची, चला, राहिलेली फेरी मारू. मी म्हणायचो, राहू दे. ती म्हणायची, नाही, नियम म्हणजे नियम.

एकदा झालं, दोनदा झालं. चौथ्या वेळी मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात बघितलं, रक्त तपासलं, मान वळवून बघितली. काही सापडत नाही म्हणाले. वय झालंय, या गोळ्या घ्या आणि गाडीवर मागे बसणं बंद करा. ही डॉक्टरांशी वाद घालायला लागली की बसल्यानेच मला बरं वाटतं. डॉक्टर हसले. मलाही हसू आलं. घरी येताना तिने मला बजावलं की नर्सबाईंना यातलं काही सांगू नका, ती उगाच काळजी करील. गोळ्या मात्र ती न चुकता घेत होती, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

पुढच्या आठवड्यात बाईंची गाडी आली. मागच्या ब्रेकचे शू बदलायचे होते आणि चेन ओढायची होती. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकला एक लोखंडी पट्टी असते. ती ब्रेकला जागच्या जागी धरून ठेवते. तिचा नट सुटला तर ब्रेक दाबल्यावर अख्खा ब्रेक चाकाबरोबर फिरतो आणि चाक जाम होतं. म्हणून त्या नटाच्या पुढे बोल्टला आरपार भोक असतं, त्यात एक बारीक पिन घालायची आणि पक्कडीने तिची टोकं दुमडायची. पिन घातलेली असेल तर नट ढिला झाला तरी बाहेर पडू शकत नाही. काडीएवढी वस्तू आहे. डोळे मिटून घालता येते, आणि मी वर्षानुवर्षं तशीच घालत आलो होतो.

दुपारपर्यंत काम झालं. ही आतून बूट घालून बाहेर आली.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तिची गाडी आहे. आजच्या दिवस बसते."

"तिची असो नाहीतर राजाची. मधेच गरगरलं आणि पडलीस तर?"

"नाही गरगरणार."

"ते काय तू ठरवणार?"

तिने गाडीच्या मागच्या चाकाकडे बघितलं. मी तिच्या खांद्याला धरून तिला हळूच आत वळवलं. खरं सांगतो, त्या वेळी मला माझं कौतुक वाटलं. जिने माझ्यापायी एकतीस वर्षं खड्डे खाल्ले तिला मी आता जपतोय, असं मनात आलं. मी एकटाच फेरीला गेलो. उतारावर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पिन नसली तरी नट लगेच पडत नाही. त्याला दोन-चार दिवस आणि दोन-चारशे खड्डे लागतात.

बाई आल्या तेव्हा घाईत होत्या. हेल्मेट डोक्यात घालता घालता त्यांनी विचारलं, "काकू बसल्या ना?"

नाही म्हणालो असतो तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. मग गरगरणं आलं असतं, डॉक्टर आले असते, आणि हिने तर सांगू नका म्हणून बजावलं होतं. एवढं सगळं कशाला, असं वाटलं. "बसल्या," मी म्हणालो.

ही दारात उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. त्या दिवशी तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "सावकाश जा गं," एवढंच म्हणाली.

सहाव्या दिवशी पाववाला दुकानात आला आणि गाडीवरून न उतरताच म्हणाला, नर्सबाई पडल्या, टेकडीच्या उतारावर. गाडी त्यांना घेऊन वीस हात घासत गेली. डावा घोटा गाडीखाली सापडला होता.

आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा शस्त्रक्रिया झालेली होती. घोट्यात सळई घातली होती. पाय टेकता येईल, पण पहिल्यासारखा वळणार नाही, असं तिथल्या सिस्टरने आम्हाला बाहेरच सांगितलं. बाई शुद्धीवर होत्या. मला बघून त्या पहिलं काय बोलल्या असतील तर गाडीबद्दल. "मिस्त्रीकाका, गाडी तुमच्याकडेच टाकायला सांगितलीय. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका."

टेम्पोतून गाडी आली. मी ती आडवी केली आणि मागच्या चाकाशी बसलो. पट्टी एका बाजूने लोंबत होती. बोल्ट जागेवर होता, नट नव्हता. मी बोल्टच्या भोकात तार घातली. पिन तुटून पडली असती तर आत तुकडा राहिला असता, कडेला ओरखडा असता. भोक स्वच्छ होतं. त्यात पिन कधी गेलीच नव्हती. आणि मला तर पिन घातल्याचं, पक्कडीने टोकं दुमडल्याचं स्पष्ट आठवत होतं. मग लक्षात आलं की आयुष्यात मी हजारो पिना दुमडल्या, आठवण त्यातल्या कुठल्याही पिनेची असेल.

ही केव्हा येऊन शेजारी उभी राहिली ते कळलं नाही. ती खाली वाकली, बोल्ट बघितला, आणि तिथेच तेलकट फरशीवर बसली.

"घातलीच नव्हती ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. मग ती बोलायला लागली. माझ्याकडे बघत नव्हती, चाकाकडे बघून बोलत होती. तिला कधीही गरगरलं नव्हतं. पहिल्या वेळी पुढच्या चाकाचा नट हलत होता, तो तिला बसल्याबसल्या कळला. मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात तिने तो आवळला. दुसऱ्या वेळी चेनच्या कडीचं लॉक नव्हतं. ते माझ्या डबीतून काढून तिने पेचकसाने बसवलं. तिसऱ्या वेळी ब्रेकच्या दांडीचा नट. चौथ्या वेळी पुन्हा पुढचं चाक. कुठला पाना कशाला लागतो हे तिला बघून बघून माहीत होतं. माझ्या पाण्याच्या तांब्याला लागायचा तेवढाच वेळ तिला मिळायचा, आणि तेवढा तिला पुरायचा.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं होतं की एकदा. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होतात."

मी विचारलं, मग त्या गोळ्या? ती म्हणाली, घेतल्या नसत्या तर तुम्ही मोजल्या असत्या. तिला वाटलं होतं, गोळ्यांनी बरं वाटतंय असं महिनाभराने सांगीन आणि परत बसायला लागेन. एक महिन्याचा तर प्रश्न होता.

"आणि त्या दिवशी? मी बसल्या म्हणालो तेव्हा?"

"जीभ उचलली होती," ती म्हणाली. "पण बाहेर येऊन मी काय सांगणार होते तिला? माझ्या नवऱ्याच्या हातावर जाऊ नकोस म्हणून? मी म्हटलं, दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून गाडी परत बोलावीन. निमित्त सुचेपर्यंत सहा दिवस गेले."

मग दिवसभर ती मला एकच गोष्ट परत परत सांगत होती. गाडी नीट करा, कोणाला काही बोलू नका, इथून पुढे मी रोज बसेन. आणि मी, माणूस असा की, अर्धाअधिक तयारही झालो होतो. नट तर पडून गेला होता. रस्त्यावर कुठे पडला ते कोण शोधणार?

चार दिवसांनी आम्ही पुन्हा इस्पितळात गेलो. बाईंच्या हातात केंद्राचं पत्र होतं. चौकशी लागली होती. कोरडा रस्ता, समोर दुसरं वाहन नाही, तेव्हा चालक बेफाम होता असा साहेबांचा निष्कर्ष होता. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर नोकरी संपली. बाईंनी पत्र उशीखाली ठेवलं. ही शेजारी बसून संत्रं सोलत होती.

"मी उतारावर कधी जोरात जात नाही, काकू," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहितीये. पण मग झालं कसं? मी रोज पडून हाच विचार करते. गाडीत तर काही नसणार, तुम्ही स्वतः बसून आला होतात. म्हणजे मीच काहीतरी केलं असणार. डुलकी लागली असेल. मला आता माझाच भरवसा वाटेना झालाय."

हिच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मी उठून खिडकीशी गेलो.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, कागद काढ, मी सांगतो तसं लिही. दुकानाचं लिहिणंवाचणं तीच करायची. मी अक्षरं चाळिशी उलटल्यावर शिकलो, तीही तिच्याकडूनच, आणि माझ्या एका ओळीला तिच्या चार ओळींएवढा वेळ लागतो. ती म्हणाली, मी लिहिणार नाही. ज्या गोष्टी कोणी तुम्हाला बोलू नयेत म्हणून मी इतकं केलं, त्या मी माझ्या हाताने लिहू? मी म्हणालो, बरं.

मीच लिहायला बसलो. मागच्या ब्रेकच्या पट्टीची पिन मी घातली नाही. त्यामुळे नट पडला आणि उतारावर चाक जाम झालं. चालवणाऱ्या बाईंची यात काही चूक नाही. दुकानाच्या नियमाप्रमाणे माझ्या बायकोला बसवून फेरी मारली असं मी त्यांना सांगितलं, ते खोटं होतं. खाली सही केली. एवढ्याला अख्खी दुपार गेली. पेन बोटांत आहे की नाही हे मला मधूनमधून बघावं लागत होतं.

ही चुलीपाशी होती. तिने येऊन कागद उचलला, वाचला, आणि परत ठेवला. मला वाटलं, झालं. तर तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: यांचा हात चुकतो हे मला दीड वर्षापासून माहीत होतं. त्या दिवशी मी दारात उभी होते. मी बोलले नाही.

"हे कशाला?" मी म्हणालो. "मी लिहिलंय तेवढं पुरे आहे. तेवढ्यावर तिची नोकरी राहते."

"नोकरी राहते."

"मग?"

तिने सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन निघालो. ही बरोबर आली. वाटेत दोनदा मनात आलं की तिच्या ओळींचा भाग फाडून टाकावा. माझी नामुष्की मला सोसली असती. मी मिस्त्री आहे, मिस्त्रीच्या चुकीला चूक म्हणतात, लोक चार दिवस बोलतात. पण त्या पोरीचं हिला काकू म्हणणं थांबलं असतं, त्याला मी काय नाव देणार होतो? मी कागदाची घडी अशी घातली की माझं लिहिलेलं वर आणि तिचं आत.

मी बाईंना कागद दिला नाही, आधी तोंडाने सांगितलं. उभ्यानेच. पिनेचं सांगितलं, फेरीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी फक्त एवढं विचारलं, "म्हणजे मी जोरात नव्हते?"

"नव्हता."

"डुलकी नव्हती?"

"नाही बाई. तुम्ही बरोबर चालवत होता."

त्या रडायला लागल्या. आठ-दहा दिवस आवळून धरलेलं सुटावं तशा रडल्या, आणि त्यांनी माझा हात धरला. ज्या हातामुळे त्यांचा पाय अधू झाला तोच हात. हात आहे काका, चुकतो, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना. मी कागद त्यांच्या पांघरुणावर ठेवला आणि म्हणालो, केंद्रात हा द्या, यात सगळं आहे. माझा हात न सोडता त्यांनी वरचा भाग वाचला आणि मान हलवली. कागद त्या तशाच घडीने उशीखाली ठेवायला निघाल्या.

"पूर्ण वाच," ही म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाईंनी घडी उलगडली. तीन ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? त्यांना बराच लागला. मग त्यांनी माझा हात सोडला. कागद नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून मिटला. त्या हिच्याशी बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता, रोग्याला औषध कधी घ्यायचं ते सांगावं तसा.

"दर वेळी तुम्ही मला विचारत होता, नीट चालते ना गं गाडी."

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही मायेने विचारता."

"मायेनेच विचारायचे."

"आणि त्या दिवशी विचारलं नाहीत."

बाईंनी मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाल्या की त्यांना आता झोपायचंय. आम्ही निघालो. जिन्यावर हिने कठडा धरला. मी विचारलं, डोकं फिरतंय का? आणि विचारल्याबरोबर जीभ चावली. ती म्हणाली, नाही, पायरी दिसत नाहीये.

बाईंची नोकरी राहिली. फिरतीचं काम मात्र गेलं, त्या आता केंद्रात टेबलाशी बसतात. मोटारसायकल पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने येऊन नेली. तो एरवी इतका बोलका, पण त्या दिवशी गाडी ढकलत नेईपर्यंत वर बघितलं नाही. मी दुकान बंद केलं. कोणी बंद कर म्हटलं नव्हतं. पाववाला तर येऊन म्हणाला, काकूंनी बसत राहावं, आम्ही येत राहू. हीच त्याला नाही म्हणाली.

तीन वेळा ही एकटी बाईंना भेटायला त्यांच्या खोलीवर गेली. दोनदा त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं, पायाचं विचारलं तर पायाचं सांगितलं. ही सांगते, बोलण्यात वाकडं काही नव्हतं. फक्त तिला त्या आता 'बाई' म्हणतात. तिसऱ्या वेळी आतून रेडिओचा आवाज येत होता आणि दार उघडलं नाही. त्यानंतर ही गेली नाही.

परवा दुपारी आम्ही दोघं दुकानातलं सामान आवरत होतो. मी पाने मापाप्रमाणे लावत होतो आणि ती फडक्याने एकेक पुसून देत होती. मी तिला म्हणालो, त्या तीन ओळी तू लिहायला नको होत्यास. माझ्या एकट्याच्या कागदाने काम झालं असतं, आणि ती आजही तुझ्याकडे आली असती.

ती पुसत राहिली. "आली असती," ती म्हणाली. "दर वेळी येऊन तिने माझीच कीव केली असती. बिचाऱ्या काकू, यांना काहीच माहीत नव्हतं म्हणून. ते मी रोज कसं घेतलं असतं? मला ते नको होतं."

तिने पुढचा पाना माझ्या हातात दिला. मला ते हवं होतं. तिला फसवून का होईना, पण ती पोर त्या दारातून आत यायला हवी होती. हे मी तिला बोललो नाही, पाना जागेवर ठेवला आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.